सहल डिसेंबरातच का? महाराष्ट्राचं हवामान आणि कुठे कधी जावं

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर्गात एकच प्रश्न सुरू होतो : "सर, या वर्षी सहल कुठे?" ठिकाणावर मुलं भांडतात, शिक्षकांच्या बैठकीत चर्चा होते, पालक खर्च विचारतात. पण "सहल कधी?" हा प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. कारण उत्तर सगळ्यांना माहीत असतं. डिसेंबर, नाहीतर जानेवारी.

असं का, तर पहिल्या सत्राची परीक्षा झालेली असते, वार्षिक परीक्षा लांब असते, पाऊस नसतो, ऊन सोसवतं. शाळेच्या दृष्टीने हे सगळं रास्तच आहे. पण यात एक गोष्ट राहून जाते. आपण ज्या ठिकाणी जातो त्या ठिकाणाचाही एक हंगाम असतो. जानेवारीत कासच्या पठारावर नेलेल्या मुलांना तपकिरी कातळ आणि वाळलेलं गवत दिसतं, आणि "फुलं कुठायत?" या प्रश्नाला आपल्याकडे "ती सप्टेंबरमध्ये असतात" एवढंच उत्तर असतं. मग आपण कशासाठी आलो, हे मूल विचारत नाही. पण मनात येतंच.

खूप मुलांसाठी शाळेची सहल ही वर्षातली एकमेव सहल असते, काहींसाठी तर पूर्ण शालेय जीवनातली एकच. आईवडिलांनी पै-पै बाजूला काढून ते पैसे भरलेले असतात. म्हणून "कुठे" इतकाच "कधी" हाही विचार नीट व्हायला हवा. आणि गंमत म्हणजे हा विचार करता करता भूगोलातला महाराष्ट्राच्या हवामानाचा अख्खा पाठ आपोआप शिकवून होतो.

आधी हवा आणि हवामान

हा फरक आपण वर्गात सांगतो आणि मुलं परीक्षेत लिहितातही. हवा म्हणजे एखाद्या ठिकाणची त्या वेळची स्थिती, हवामान म्हणजे अनेक वर्षांच्या नोंदींवरून काढलेली सरासरी स्थिती. पण व्याख्या पाठ होते, उपयोग कळत नाही. सहलीचं उदाहरण देऊन बघा. सहलीची तारीख आपण दोन महिने आधी ठरवतो, ती हवामानावरून. मुलांनी बॅगेत स्वेटर घ्यायचा की छत्री, हे आपण आदल्या दिवशी सांगतो, ते हवेवरून. पाचवीच्या मुलालाही हे लगेच कळतं.

आणि महाराष्ट्रात "हवामान" हा शब्द एकवचनात वापरणं तसं धाडसाचंच आहे. आपल्या राज्याने ते मान्यही केलेलं आहे. उर्वरित महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात, विदर्भात मात्र उन्हामुळे त्यानंतर आठवडा-दीड आठवड्याने. शाळा उघडायला दोन तारखा चालतात, मग सहलीला एकच महिना का?

बत्तीस किलोमीटरचा पाठ

महाराष्ट्राचं हवामान ठरवणारी पहिली गोष्ट म्हणजे सह्याद्री. अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे बाष्प घेऊन येतात, डोंगर आडवा आला की वर चढतात, वर चढताना थंड होतात आणि तिथेच पाऊस पाडतात. हाच प्रतिरोध पर्जन्य. डोंगर ओलांडून खाली उतरणारे वारे कोरडे होत जातात, म्हणून पूर्वेला पर्जन्यछायेचा प्रदेश. फळ्यावर डोंगराची आकृती, डावीकडे ढग, उजवीकडे सूर्य. आपण सगळ्यांनी ती काढलेली आहे.

पण हीच आकृती प्रत्यक्ष पाहायची असेल तर सातारा जिल्ह्यातला एक रस्ता आहे : वाई, पाचगणी, महाबळेश्वर. एकूण अंतर साधारण बत्तीस किलोमीटर. वाईला वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. पसरणीचा घाट चढून पाचगणीला आलात की तो दुपटीच्या वर जातो. आणि तिथून आणखी वीसेक किलोमीटरवर महाबळेश्वरला तो सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पोचतो. तासाभराच्या प्रवासात पाऊस सात-आठ पट.

हे आकडे मुलांना नुसते सांगून उपयोग नाही. त्यांना सांगा, की एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. पडलेलं पाणी वाहून गेलंच नाही, जिरलं नाही, आटलं नाही अशी कल्पना करू. वाईत वर्षाअखेर ते पाचवीतल्या मुलाच्या कमरेच्या थोडं वर येईल. महाबळेश्वरला दुमजली घर बुडेल. वर्गाच्या भिंतीवर खडूने सातशे मिलिमीटरची खूण करा आणि मग सहा हजार कुठे येईल ते विचारा. मुलं छताकडे बघतात, मग छताच्याही वर बोट दाखवतात. तो क्षण फार सुंदर असतो.

या रस्त्यावर थंडीत गेलं तरी पाऊस "दिसतो", फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं. वाईच्या बाजूला उघडी माळरानं, ज्वारी, कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, आणि वाईची प्रसिद्ध हळद. पाचगणीचं टेबललँड म्हणजे सपाट जांभ्याचा खडक. महाबळेश्वरकडे जाऊ तसं रान दाट होत जातं, पानं वर्षभर हिरवी असतात, झाडांच्या खोडांवर शेवाळ आणि नेचे चढलेले दिसतात. घरांच्या छपरांचा उतार बदलतो. वाईत गच्चीची घरं भरपूर, वर महाबळेश्वरला उतरती छपरं. मुलांना वहीत तीन रकाने आखायला सांगा : झाडं, पिकं, छपरं. तीन थांबे, तीन ओळी. परत आल्यावर पर्जन्यछाया वेगळी शिकवावी लागत नाही.

शिवाय डिसेंबर ते मार्च हा तिकडे स्ट्रॉबेरीचा हंगाम, आणि वाटेतच भिलार, जे २०१७ पासून पुस्तकांचं गाव म्हणून ओळखलं जातं. म्हणजे ही सहल हिवाळ्यात करावी अशीच आहे. फक्त नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा सोडून. त्या दिवसांत घाटात वाहनांची रांग लागते आणि मुलं तीन-तीन तास बसमध्ये अडकून पडतात.

ज्यांना आणखी पूर्वेला जाता येईल त्यांनी माण-खटावपर्यंत जावं. म्हसवडच्या भागात पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. बाजरी, मेंढरांचे कळप, पाणी अडवण्यासाठी गावागावात झालेली कामं. एकाच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला जगातल्या मोठ्या पावसाच्या ठिकाणांत शोभेल असं गाव आणि पूर्व टोकाला कायमचा दुष्काळी पट्टा. मला तर वाटतं साताऱ्यातल्या शाळांनी सहलीसाठी जिल्ह्याबाहेर जायची गरजच नाही, पण हे मुलांना पटणार नाही, त्यांना समुद्र हवा असतो!

समुद्र जवळ, समुद्र लांब

दुसरी गोष्ट समुद्रापासूनचं अंतर. पाणी हळू तापतं आणि हळू थंड होतं, जमीन लवकर तापते आणि लवकर निवते. म्हणून किनाऱ्यावर हवामान सम आणि आत विषम. मुंबईत मे महिन्यात कमाल तापमान सरासरी तेहतीस-चौतीस अंश असतं, जानेवारीतही दुपारी ते तीस-एकतीसपर्यंत जातं. फरक दोन-तीन अंशांचा! नागपूरला मे महिन्यात हेच तापमान बेचाळीस-त्रेचाळीस अंश आणि जानेवारीत अठ्ठावीस-एकोणतीस. रात्री तर पारा बारा-तेरापर्यंत येतो, थंडीची लाट आली तर त्याहून बराच खाली.

याचा सहलीशी संबंध असा, की कोकणातून किंवा मुंबईतून विदर्भात किंवा नाशिककडे जाणाऱ्या मुलांच्या पालकांना थंडीचा अंदाजच नसतो. निफाडला जानेवारीत पारा एक आकडी होतो, द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. तिथे पहाटे पक्षी बघायला निघालेल्या मुलाकडे पातळ स्वेटर असतो. उलट पुण्या-नाशिकची मुलं डिसेंबरात कोकणात जाड जाकिटं घेऊन येतात आणि दिवसभर ती हातात वागवतात. पालकांना जे पत्रक देतो त्यात "उबदार कपडे सोबत द्यावेत" एवढं मोघम लिहू नये. तिथलं रात्रीचं तापमान किती असतं ते आकड्यात लिहावं.

आता एकेका भागाकडे वळू. सगळ्यांवर सारखं लिहीत नाही, जिथे चुका जास्त होतात तिथे जरा थांबू.

कोकण : थंडी चांगलीच, पण समुद्राला पंचांग असतं

कोकणात नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत जावं. हवा कोरडी, ऊन मध्यम, होड्या सुरू. पावसाळ्यात जंजिरा, सिंधुदुर्ग अशा जलदुर्गांच्या होड्या बंद असतात. जून-जुलैत मासेमारीही बंद असते, एकतर समुद्र खवळलेला आणि दुसरं म्हणजे तो माशांचा प्रजननाचा काळ. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मग होड्या लोटायच्या ही प्रथा हवामानाच्या अनुभवातूनच आलेली आहे, हे मुलांना जरूर सांगा.

पण थंडीत समुद्र सुरक्षित असतो, हा समज घातक आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले कॉलेजचे १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हा पावसाळा नव्हता. समुद्राला ऋतूपेक्षा वेगळं एक घड्याळ असतं, भरती-ओहोटीचं. ते बघितल्याशिवाय किनाऱ्यावरचा कार्यक्रम ठरवूच नये. ओहोटीचं पाणी परत जाताना माणसाला आत ओढतं, आणि ओहोटीत खडकांवर किंवा वाळूच्या पट्ट्यावर लांब गेलेल्यांच्या मागून भरती कधी येते ते कळत नाही.

यासाठी किनाऱ्यावरच्या लोकांचा एक जुना हिशेब आहे. तिथीला पाऊणने गुणायचं. जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती. समजा चतुर्थी आहे. चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या आसपास भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा किंवा अमावास्या पंधरावी धरली तर सव्वाअकरा. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि नक्की वेळ तिथल्या होडीवाल्यांना किंवा भरतीच्या तक्त्यात विचारावीच. पण सहावी-सातवीच्या मुलांना कॅलेंडर देऊन "आपण जाणार त्या दिवशी भरती किती वाजता?" असं गणित घातलं तर ते आवडीने करतात, आणि किनाऱ्यावर गेल्यावर स्वतःच घड्याळ बघतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती येते, पाणी जास्त चढतं आणि जास्त ओसरतं. अष्टमीच्या सुमाराची ती भांगाची. दोन्ही शब्द पुस्तकात आहेत, पण सहलीची तारीख ठरवताना ते आपल्याला आठवत नाहीत. लहान मुलं बरोबर असतील तर अष्टमीच्या आसपासचा दिवस बरा.

पालकांनी घरच्या घरी जायचं असेल तर मंडणगड तालुक्यातलं वेळास लक्षात ठेवा. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. २००२ पासून तिथे कासवांच्या अंड्यांचं संरक्षण होतंय. शाळेच्या वेळापत्रकात ते बसणं अवघड, कारण परीक्षा. पण एखादा शनिवार-रविवार काढता आला तर काढा.

घाटमाथा : इथे तारीख सगळ्यात महत्त्वाची

घाटमाथ्यावर एक-दोन आठवड्यांनी सगळं बदलतं. मे महिन्याच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला, पहिल्या पावसाच्या तोंडावर, भंडारदरा आणि राजमाची परिसरात काजव्यांनी झाडं उजळतात. नर मादीला खुणावण्यासाठी चमकतो, आणि प्रौढ काजव्याचं आयुष्य थोड्याच दिवसांचं. गाड्यांचे दिवे आणि मोबाइलच्या बॅटऱ्या यांनी त्या खुणाच बुजून जातात. म्हणून जायचं तर अंधारात, लांबून, शांतपणे. मोठा गट नेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. शाळेची शंभर मुलं काजव्यांसाठी नाहीत.

जुलै-ऑगस्ट हा घाटातला खरा पाऊस. बघायला सुंदर, पण मुलांना नेण्यासाठी नाही. धबधब्याचं पाणी वर डोंगरात पडलेल्या पावसावर वाढतं. आपण उभे असतो तिथे रिमझिम असते आणि पाच-दहा मिनिटांत लोंढा येतो. जून २०२४ मध्ये लोणावळ्याला भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण असेच वाहून गेले. पालकांना कळकळीची विनंती, की पहिल्या-दुसऱ्या जोराच्या पावसानंतरचा रविवार धबधब्यावर घालवू नका. दरडींचाही हाच काळ.

मग घाट बघायचा कधी? ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. पावसाचा जोर उतरलेला, पाणी भरपूर, आणि सड्यांवर फुलं. साताऱ्याजवळचं कास पठार याच काळात फुलतं. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली जी ठिकाणं जागतिक वारसा यादीत गेली त्यांत कास आहे. सोनकी, तेरडा, गेंद, कवला ही नावं मुलांना आधी सांगून ठेवा. सीतेची आसवं हे निळंजांभळं फूल दाखवा आणि मग सांगा, की ही वनस्पती कीटक खाते. कातळावरची माती इंचभर, पावसाने धुऊन निघालेली, त्यात नत्र कमी. म्हणून ती कीटकांकडून मिळवते. सातवीच्या विज्ञानाचा पाठ आणि भूगोलाचा पाठ एकाच फुलात.

फुलं कधी किती येतील हे त्या वर्षीच्या पावसावर आहे. पाऊस लांबला, मध्ये खंड पडला, की बहर पुढे-मागे होतो. रोज ठरावीक संख्येनेच लोकांना सोडतात, आधी नोंदणी लागते. टोपली कारवी तर सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. तेव्हा "गेल्या वर्षी फोटोत होतं तसं" दिसेलच अशी हमी मुलांना देऊ नये.

सप्टेंबरात सहल काढायची म्हटलं की अडचण येते पहिल्या सत्राच्या परीक्षेची आणि गणपतीच्या सुट्ट्यांची. मान्य. पण जवळच्या शाळांना एक दिवसाची, सकाळी निघून संध्याकाळी परतण्याची क्षेत्रभेट जमू शकते. लांबच्या शाळांनी हिवाळ्यात कासला जाऊ नये. त्या दिवसात सज्जनगड, अजिंक्यतारा बघा, वाई बघा. ठोसेघरचा धबधबासुद्धा हिवाळा सरता सरता बारीक धार होऊन जातो.

देश आणि मराठवाडा

इथे जानेवारीला माझी पूर्ण पसंती, आणि कारण हुरडा. रब्बीची ज्वारी कणसात आलेली, शेतात आगटी पेटलेली, गरम दाणे, शेंगदाण्याची चटणी, दही. शहरातल्या मुलांना ज्वारी म्हणजे किराणा दुकानातली पिशवी. ती उभी कशी असते, कणसातून दाणे कसे चोळून काढतात, हे बघायला याहून बरा दिवस नाही. जूनमध्ये पेरलेली खरीप आणि परतीच्या पावसाच्या ओलीवर वाढलेली रब्बी, हा फरकही शेताच्या बांधावरच समजतो. सोलापूरकडे सप्टेंबर हा वर्षातला सर्वाधिक पावसाचा महिना असतो, जुलै नव्हे, हे ऐकून मुंबई-कोकणची मुलं चकित होतात. पण त्याच सप्टेंबरच्या ओलाव्यावर काळ्या जमिनीत ज्वारी उभी राहते.

अजिंठा-वेरूळ हिवाळ्यात ठीकच, पण तिथे गर्दीही सगळी तेव्हाच. या भागात वर्षभराचा पाऊसच सातशे मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरात जाता येतं. कोकणातल्यासारखा दिवसभर कोसळणारा पाऊस इथे क्वचित. तेव्हा अजिंठ्याचा घोड्याच्या नालासारखा कडा हिरवा असतो आणि खाली वाघूर वाहत असते. जिने ही नदीच नाही पाहिली त्या मुलीला, भिक्षूंनी पावसाळ्यात एका जागी राहण्यासाठी ही दरी का निवडली, हे कसं कळणार? एप्रिल-मे मध्ये मात्र नको. काळा बेसॉल्ट दिवसभर तापतो आणि लेण्यांपर्यंतची चढण भर उन्हात पडते.

पक्ष्यांसाठी नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर आणि उजनीच्या फुगवट्यावरचं भिगवण. परदेशी पाहुणे नोव्हेंबरपासून येतात. उजनीवर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, पाणी उतरून चिखलाचे काठ उघडे पडले की जास्त दिसतात, म्हणून जानेवारी ते मार्च.

विदर्भ : दोन टोकांना भात

कोकणातून पूर्वेकडे जाताना पाऊस कमी होत जातो एवढंच आपण शिकवतो. ते अर्धंच आहे. पश्चिम विदर्भ ओलांडून भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे गेलं की तो पुन्हा वाढतो. कारण इथला पाऊस मुख्यतः बंगालच्या उपसागरात तयार होणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे येतो. म्हणून महाराष्ट्राच्या पश्चिम टोकाला भात, मधे ज्वारी-बाजरी-कापूस, आणि पूर्व टोकाला पुन्हा भात. नकाशात दोन्ही टोकांना हिरवा रंग भरायला लावा.

विदर्भात जायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नवेगावबांधसारखे तलाव पक्ष्यांनी भरलेले असतात. ताडोब्याबद्दल नेहमी सांगतात की वाघ बघायचा तर एप्रिल-मे. खरं आहे. पानं गळलेली असतात, पाणवठे थोडे उरतात, वाघ पाण्यावर येतो. पण त्या दिवसांत चंद्रपूरचा पारा पंचेचाळीस-शेहेचाळीसच्या वर जातो. उघड्या जिप्सीत आठ-दहा वर्षांचं मूल चार तास बसवायचं का, हे पालकांनी ठरवावं. माझं मत विचाराल तर हिवाळ्यात जा. वाघ नाही दिसला तरी जंगल दिसतं, आणि मूल आजारी पडत नाही. पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंदच असतं. चिखलदरा मात्र विदर्भात असूनही वेगळं. हजार मीटरच्या वर असल्याने ऑगस्ट ते ऑक्टोबर ते सर्वांत देखणं असतं.

सरासरी आणि प्रत्यक्ष

हे सगळं झालं सरासरीचं. अलीकडे सरासरी वरचेवर मोडते. २०२५ मध्ये मान्सून मुंबईत २६ मे रोजीच पोचला, नेहमीची तारीख ११ जून. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भाला गारपिटीने झोडपलं, तेही ऐन "कोरड्या" दिवसांत. नोव्हेंबर-डिसेंबरातला अवकाळी पाऊस तर आता आपल्याला नवीन राहिलेला नाही.

म्हणून निघण्याआधीचे पाच दिवस रोज भारतीय हवामान विभागाचा जिल्हावार इशारा बघा. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. सहलीच्या बाबतीत नारिंगी दिसला की मी तरी बेत पुढे ढकलण्याचं सुचवेन. त्यासाठी गाडीवाल्याशी आणि मुक्कामाच्या ठिकाणाशी बोलताना "हवामानामुळे तारीख बदलली तर आगाऊ रकमेचं काय?" हे आधीच लिहून घ्यावं. तारीख बदलता येणार नाही म्हणूनच अनेकदा माणसं जायला नको तेव्हा जातात.

वर्गासाठी एक काम सुचवतो. मोठ्या कार्डशीटवर बारा महिन्यांचे उभे रकाने आणि कोकण, घाटमाथा, देश, मराठवाडा, विदर्भ अशा पाच आडव्या ओळी आखा. मुलांनी नातेवाइकांना फोन करून विचारायचं : "तुमच्याकडे या महिन्यात काय असतं?" पीक, फळ, पाणी, ऊन, सण, जे सांगतील ते त्या चौकोनात लिहायचं. महिनाभर हा तक्ता भरत राहतो. मालवणची आत्या मे महिन्यात फणस-काजू सांगते, यवतमाळचे मामा "दुपारी बाहेर पडू नका" एवढंच सांगतात. तक्ता भरला की मग मुलांनाच विचारा, सहल कुठे आणि कधी. आणि ठरवताना एवढं बघा, की अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी, आणि ताडोब्याचं गाभा क्षेत्रही मंगळवारीच.